गडद कापडावरचे पांढरे ठिपके आणि कापसाच्या तंतूची भिंत

इचलकरंजीत माझ्या मावसभावाचे यंत्रमाग आहेत. मागच्या दिवाळीच्या सुमारास मी त्याच्याकडे गेले असताना रंगवून आलेल्या गडद निळ्या पॉपलीनचा एक तागा त्याने माझ्यासमोर उलगडला. कापडावर मोहरीच्या दाण्याहूनही बारीक असे पांढरे ठिपके सर्वत्र विखुरले होते. धुऊन ते जात नव्हते; नखाने खरवडले तर धागा पिंजला जाई, पण ठिपका तसाच राही. "ताई, रंग तर सगळीकडं सारखाच चढवलाय, मग ह्यो पांढरा भाग कुठनं आला?" असे त्याने मला विचारले. मी वनस्पतिशास्त्र शिकवते, म्हणून प्रश्न माझ्याकडे आला. त्याचे उत्तर रंगाच्या पिंपात नव्हते आणि मागावरही नव्हते. ते कापसाच्या बोंडात, फूल गळून गेल्यानंतरच्या चाळीस-पन्नास दिवसांत दडलेले होते.

भिंग धरून पाहिले की असा प्रत्येक ठिपका म्हणजे तंतूंची एक इवलीशी गुंतवळ असल्याचे दिसते. सूतगिरणीत तिला नेप म्हणतात. या गुंतवळीतले तंतू चपटे, पातळ, जवळजवळ पारदर्शक फितीसारखे असतात आणि रंग धरून ठेवील असे द्रव्य त्यांच्या अंगात फारच थोडे असते. शेजारच्या भरीव तंतूंनी रंग पोटभर प्यायलेला असतो, तर हे जवळजवळ कोरडेच राहिलेले असतात. तंतू भरीव होतो म्हणजे काय होते, तो कोण भरतो आणि कधीकधी हे काम अर्धवट का राहते, हे समजले की कापसाच्या गुणवत्तेविषयी बाजारात बोलल्या जाणाऱ्या निम्म्याहून अधिक गोष्टी आपोआप उलगडतात.

आमच्या घरी आई श्रावणाच्या आधी वाती वळायला बसे, तेव्हा बाजारातून सरकीसकट कापूस आणला जाई. कोल्हापूर जिल्ह्याची शेती मुख्यतः उसाची आणि भाताची; त्यामुळे कापसाचे बोंड झाडावर पाहिलेले नसले तरी सरकी सोलण्याचा हा अनुभव इथल्या अनेक घरांना आहे. त्या कापसातली एक सरकी घ्यावी, काळ्या कापडावर ठेवावी आणि बारीक फणीने तिचे तंतू चहूबाजूंनी हळुवार विंचरावेत. सरकीभोवती पांढरे वलय तयार होते आणि पट्टी लावली तर त्याची एका बाजूची लांबी तीन सेंटिमीटरच्या आसपास भरते. या वलयातला प्रत्येक तंतू ही एकच जिवंत पेशी होती. वनस्पतीची नेहमीची पेशी डोळ्यांना दिसत नाही, आणि इथे एक पेशी बोटाच्या एका पेराहून लांब वाढलेली असते. तिची रुंदी मात्र पंधरा-वीस मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाइतकी किंवा त्याहूनही कमी. लांबी रुंदीच्या दीड-दोन हजार पट भरते.

कापसाचे फूल सकाळी उमलते तेव्हा दुधी पांढरे असते, दुसऱ्या दिवशी गुलाबी होते आणि लवकरच गळते. फूल उमलते त्याच सुमारास आतल्या बीजांडाच्या बाहेरच्या कातडीतल्या साधारण चारांतल्या एका पेशीला फुगवटा येतो आणि ती बाहेर डोकावू लागते. एका सरकीवर अशा पंधरा-वीस हजार पेशी लांब तंतू होतात. लक्षवातीचे व्रत घेतलेल्या घरात लाख वाती वळायला कित्येक महिने लागतात. लाख तंतू मात्र सहा-सात सरक्यांवरच उगवलेले असतात.

आता भिंतीकडे वळू. प्राण्यांच्या पेशीला नसलेली एक गोष्ट वनस्पतीच्या पेशीला असते, ती म्हणजे पातळ पटलाच्या बाहेर उभी असलेली पेशीभित्तिका. तिच्यात सेल्युलोजचे ताठ तंतुक असतात, त्यांना एकमेकांशी बांधणारी हेमिसेल्युलोजची बंधने असतात आणि या दोहोंमधल्या जागा पेक्टिनच्या लगद्याने भरलेल्या असतात. जॅम घट्ट बसतो तो या पेक्टिनमुळेच. ही द्रव्ये तयार करणे, कापणे, जोडणे, सैल करणे आणि ताठ करणे ही सगळी कामे विकरे, म्हणजे एन्झाइम, करतात. विकर हे बहुधा एक प्रथिन असते आणि ते कसे घडवायचे याचा मजकूर जनुकात लिहिलेला असतो. कापसाच्या पानातल्या, मुळातल्या आणि तंतूतल्या पेशींमध्ये हा मजकूर सारखाच असतो. त्यातली कोणती पाने कोणत्या दिवशी उघडली जातात, यावर ती पेशी पान होणार की तंतू, हे ठरते. म्हणून तंतूच्या बाबतीत एखादे जनुक आहे की नाही, यापेक्षा ते कितव्या दिवशी जागे होते आणि किती दिवस जागे राहते, हा प्रश्न अधिक मोलाचा असतो.

तंतूच्या आयुष्याचे दोन मोठे टप्पे आहेत आणि त्यांची गरज परस्परविरुद्ध आहे. पहिल्या टप्प्यात, म्हणजे फूल उमलल्यापासून साधारण तीन आठवडे, पेशीला लांब व्हायचे असते आणि त्यासाठी भिंत ताणली जाईल इतकी नरम असावी लागते. दुसऱ्या टप्प्यात तीच भिंत जाड आणि कणखर करायची असते. लांबी पहिल्या टप्प्यात ठरते, भरीवपणा दुसऱ्यात. मजबुतीची पायाभरणी दोन्हींच्या सांध्यावर सुरू होते.

लांब होण्यासाठी लागणारा जोर पाण्याचा असतो. पेशीच्या मध्यभागी असलेल्या मोठ्या रिक्तिकेत, म्हणजे रसाने भरलेल्या पिशवीत, पोटॅशियम, साखर आणि मॅलिक आम्लाचे क्षार साठू लागले की पाणी आत ओढले जाते आणि आतून भिंतीवर दाब येतो. सायकलच्या ट्यूबमध्ये हवा भरल्यावर ती टायरला आतून रेटते, तसाच हा दाब असतो. हा दाब टिकवण्यासाठी कापसाच्या तंतूने जी युक्ती साधली आहे ती मला फार सुंदर वाटते. वनस्पतीच्या शेजारशेजारच्या पेशी भिंतीतल्या अतिसूक्ष्म बोळांनी एकमेकींशी जोडलेल्या असतात. साधारण दहाव्या दिवशी तंतू आपल्या तळाचे हे बोळ बंद करतो आणि सोळाव्या दिवसाच्या आसपास पुन्हा उघडतो. बोळाच्या तोंडाशी कॅलोज नावाचे द्रव्य साचले की वाट बुजते. ग्लुकॅनेज हे विकर कॅलोज विरघळवते, तेव्हा ती मोकळी होते. वाट बंद असलेल्या दिवसांत आतला दाब बाहेर झिरपत नाही आणि तंतू झपाट्याने, जोराच्या दिवसांत दिवसाला दोन मिलिमीटरपर्यंत, वाढतो. कापसाच्या वेगवेगळ्या जातींची तुलना केली असता ज्यांत ही वाट अधिक दिवस बंद राहते त्यांचा तंतू अधिक लांब भरतो, असे आढळले आहे. म्हणजे ग्लुकॅनेजचे जनुक कधी जागे होते, एवढ्या एका गोष्टीवर धाग्याच्या लांबीतला काही भाग अवलंबून असतो.

नुसत्या दाबाने मात्र भागत नाही. भिंत जशीच्या तशी ताठ राहिली तर दाब वाया जाईल आणि एकदम सैल सुटली तर पेशी फुटेल. ज्वारीची भाकरी थापताना एक हात पीठ पसरवतो आणि दुसरा कडेला आवरून धरतो, म्हणून भाकरी चिरत नाही. भिंतीलाही असेच पसरवणे आणि आवरणे एकाच वेळी साधावे लागते. हे काम तीन प्रकारची प्रथिने मिळून करतात. पहिले एक्स्पान्सिन. १९९२ साली अमेरिकेत काकडीच्या कोवळ्या रोपांवर काम करताना ते सापडले. काटेकोर अर्थाने त्याला विकर म्हणता येत नाही, कारण ते काहीच कापत नाही. भिंत किंचित आम्लधर्मी झाली की सेल्युलोज आणि हेमिसेल्युलोज यांची पकड ते सोडवते, त्यामुळे तंतुक एकमेकांवरून सरकू शकतात. दुसरा गट हेमिसेल्युलोजमधील झायलोग्लुकॅन कापून त्याचे टोक दुसऱ्या साखळीला जोडणाऱ्या विकरांचा आहे. त्याचे पूर्ण नाव झायलोग्लुकॅन एंडोट्रान्सग्लुकोसिलेज/हायड्रोलेज, आणि संशोधक त्याला एक्सटीएच या आद्याक्षरांनी ओळखतात. कापणे आणि सांधणे या दोन्ही क्रिया एकाच विकराकडे असल्यामुळे भिंत लांबत असतानाही कुठे भगदाड पडत नाही. कापसात या गटातले एक जनुक अधिक प्रमाणात चालू ठेवले तेव्हा तंतू पंधरा ते वीस टक्के अधिक लांब झाल्याचा प्रयोग २०१० साली प्रसिद्ध झाला.

तिसरा गट पेक्टिनवर काम करतो. पेक्टिनच्या साखळीवर मिथाइलचे गट असतात. पेक्टिन मिथाइलएस्टरेज हे विकर ते गट काढून टाकते आणि मग दोन साखळ्यांमध्ये कॅल्शियमचे पूल बांधले जाऊन लगदा घट्ट होतो. पेक्टेट लायेज नावाचे विकर मात्र अशाच गट काढलेल्या साखळ्या तोडून लगदा पातळ करते. एकाने घट्ट केलेले दुसऱ्याने सैल करायचे, हे ऐकायला उलटसुलट वाटेल, पण वाढत्या पेशीला दोघेही हवे असतात. पेक्टेट लायेजचे जनुक दाबून टाकले तर तंतू आखूड राहतो, हे कापसातच दाखवून दिले गेले आहे.

साधारण सोळाव्या ते विसाव्या दिवसाच्या सुमारास कामाचा रोख पालटतो. सैल करणारी जनुके एकामागून एक मंदावतात आणि सेल्युलोज घडवणारी जनुके पूर्ण जोराने चालू होतात. इथपर्यंतची भिंत अर्ध्या मायक्रॉनहूनही पातळ असते. आता तिच्या आतल्या अंगाने थरावर थर चढत जातात आणि पुढच्या तीन-चार आठवड्यांत तीन-चार मायक्रॉन जाडीची द्वितीयक भित्तिका उभी राहते. पिकलेल्या तंतूत पंच्याण्णव टक्क्यांच्या आसपास सेल्युलोज असते. निसर्गात इतके शुद्ध सेल्युलोज एका जागी क्वचितच सापडते.

सेल्युलोज घडवणाऱ्या विकराला सेल्युलोज सिंथेज म्हणतात. ते पेशीच्या पटलात रुतलेले असते, आतल्या बाजूने ग्लुकोज घेते आणि बाहेरच्या बाजूने ग्लुकोजची न संपणारी माळ सोडते. अशी अनेक विकरे एकत्र येऊन सहा पाकळ्यांच्या फुलासारखा एक गट तयार होतो आणि त्या गटातून एका वेळी अठराच्या आसपास माळा शेजारीशेजारी बाहेर पडून एकमेकींना घट्ट चिकटतात; तोच सेल्युलोजचा तंतुक. दिवाळीत सोऱ्यातून शेव पाडताना ताटलीच्या छिद्रांतून अनेक शेवया एकदम उतरतात आणि हात गोल फिरत राहतो, ते दृश्य इथे डोळ्यांसमोर आणावे. फरक इतकाच की इथे बाहेर पडलेली शेव भिंतीला चिकटून बसते आणि तिच्याच रेट्याने सोऱ्या पटलात मागे मागे सरकत जातो. सोऱ्याने कुठल्या रेषेत सरकायचे ते पटलाच्या आत बसवलेल्या सूक्ष्मनलिका ठरवतात. कापसाच्या तंतूत ही रेषा मळसूत्री असते आणि मध्येमध्ये तिची दिशा उलटते. बोंड फुटून तंतू वाळला की आतली पोकळी बसते, तंतू चपटा होतो आणि या मळसूत्री बांधणीमुळे त्याला ठिकठिकाणी पीळ पडतो. हे पीळ एकमेकांत अडकतात म्हणूनच कापसाचे सूत कातता येते. सावरीचा तंतूही मऊ आणि पांढरा असतो, पण त्याला असे पीळ नाहीत, त्यामुळे सावर उशीत भरतात आणि सूत कापसाचे कातले जाते.

वनस्पतींमधली सेल्युलोज सिंथेजची जनुके पहिल्यांदा ओळखली गेली ती कापसाच्या तंतूतच, १९९६ साली. जीवाणूंमधले असे जनुक त्याआधी सापडले होते, पण वनस्पतीत वर्षानुवर्षे शोधूनही ते हाती लागत नव्हते. कापसाचा तंतू तीन-चार आठवडे जवळजवळ दुसरे कोणतेच काम करत नाही; सेल्युलोज आणि सेल्युलोज, एवढेच त्याचे चाललेले असते. त्यामुळे त्या दिवसांत कोणत्या जनुकांचा आवाज सर्वांत मोठा आहे, ते ऐकणे सोपे गेले. पुढे मोहरीच्या कुळातल्या अॅराबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या आवडत्या रोपात अशी दहा जनुके मोजली गेली आणि एक गोष्ट स्पष्ट झाली. कोवळ्या, वाढत्या भिंतीचे सेल्युलोज क्रमांक १, ३ आणि ६ यांच्या गटातली जनुके घडवतात, तर जाड, द्वितीयक भित्तिकेचे सेल्युलोज ४, ७ आणि ८ ही जनुके घडवतात. पहिल्या टोळीची पाळी संपली की दुसरी कामावर येते.

या कामाला कच्चा माल लागतो आणि तो आपल्या जिल्ह्याच्या चांगला ओळखीचा आहे. ज्या साखरेसाठी आपण ऊस गाळतो तीच साखर, म्हणजे सुक्रोज, कापसाच्या पानांत तयार होऊन बोंडाकडे जाते. ऊस ती कांड्यात साठवून ठेवतो. कापसाचा तंतू ती तिथल्या तिथे खर्च करतो. तंतूतले सुक्रोज सिंथेज हे विकर साखरेच्या रेणूचे दोन भाग करते आणि त्यातला ग्लुकोज यूडीपी नावाच्या वाहकावर चढवून थेट सेल्युलोज सिंथेजच्या हातात देते. या विकराचा काही भाग पटलाला चिकटूनच बसलेला असतो. माल देणारा आणि घेणारा शेजारीशेजारी असल्यामुळे वाटेत नासधूस होत नाही. २००३ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी कापसातले हे जनुक दाबून पाहिले, तेव्हा ज्या बीजांडांत ते जवळपास पूर्ण दबले त्यांच्यावर तंतूंची वाढच खुंटली. सरकीची पेंड खाणाऱ्या म्हशीच्या पोटातले सूक्ष्मजीव सेल्युलोज पुन्हा फोडून त्यातली साखर वापरू शकतात. माणसाला ते जमत नाही, कारण त्या साखरेची जोडणी वेगळ्या कोनात झालेली असते.

मावसभावाच्या कापडावरच्या ठिपक्यांचे उत्तर या दुसऱ्या टप्प्यात आहे. त्या गुंतवळीतले तंतू लांब झाले होते, पण त्यांची भिंत भरली गेली नव्हती. सेल्युलोज सिंथेजचे जनुक त्यांच्यातही होते आणि बहुधा वेळेवर जागेही झाले होते. त्याला साखर आणि ऊब पुरेशी मिळाली नव्हती. हे विकर थंडीला फार हळवे आहे. दिवसा चांगले ऊन असले तरी रात्र गार पडली की सेल्युलोज घडण्याचा वेग उतरतो. पिकलेल्या तंतूचा आडवा छेद फुगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर झाडाच्या खोडासारखी कडी दिसतात आणि ती साधारण दिवसाला एक अशी पडलेली असतात. प्रकाश आणि तापमान रात्रंदिवस सारखे ठेवलेल्या खोलीत वाढवलेल्या कापसात ही कडी दिसेनाशी होतात. तंतूने आपल्या अंगावर रात्रींची नोंद ठेवलेली असते, असे म्हटले तरी चालेल.

विदर्भ, मराठवाडा, खानदेशातले कापसाचे पीक जूनमध्ये पेरले जाते. पहिल्या वेचणीची बोंडे ऊबदार दिवसांत भरतात आणि त्यांचा कापूस वजनदार, चमकदार निघतो. शेवटच्या वेचणीच्या बोंडांच्या वाट्याला थंड रात्री येतात, जमिनीतली ओल सरलेली असते, पाने लाल्या या विकृतीने लालभडक होऊन साखर घडवेनाशी झालेली असतात. वेचण्या संपल्यावर पुन्हा पाणी देऊन फरदड घेतली तर तिच्यात गुलाबी बोंडअळीचा उपद्रवही वाढतो आणि किडीने पोखरलेल्या बोंडातले तंतू अर्ध्यातच मरतात. अशा कापसाची लांबी पट्टीवर कधीकधी ठीक भरते, म्हणून तो हाताला लगेच कळत नाही. जिनिंग आणि सूतगिरणीत मायक्रोनेअर मोजतात, म्हणजे ठरावीक वजनाच्या रुईतून हवा सोडून ती किती अडते ते पाहतात. पातळ भिंतीचे तंतू त्याच वजनात अधिक संख्येने मावतात, हवा अधिक अडवतात आणि आकडा कमी येतो. साधारण साडेतीन ते चार पूर्णांक नऊ या दरम्यानचा आकडा चांगला मानतात. पण आकडा कमी आला म्हणजे कापूस कच्चाच, असेही म्हणता येत नाही, कारण जातीनेच बारीक असलेला पूर्ण पिकलेला तंतूही कमी आकडा दाखवतो. केवळ या एका आकड्यावरून शेतकऱ्याच्या मालाला नावे ठेवणे मला अन्यायाचे वाटते.

लांबीचा प्रश्न वेगळा आहे. आपल्याकडे मुख्यत्वे पिकणारा अमेरिकन कापूस मध्यम ते लांब धाग्याचा आणि इजिप्शियन कापूस, शास्त्रीय भाषेत बार्बाडेन्स, अतिलांब धाग्याचा. इजिप्शियन कापसात लांबीचा टप्पा अधिक दिवस चालतो आणि भिंत भरण्याची सुरुवात उशिरा होते. आपल्या शेजारच्या धारवाडला १९७२ साली या दोन जातींच्या संकरातून वरलक्ष्मी हा वाण तयार झाला, तेव्हा जनुकांचा मजकूर वाचण्याची सोय नव्हती. पैदासकारांनी तंतू हातात धरून, मोजून, पिढ्यानपिढ्या निवड केली. आज त्याच निवडीमागे कोणती जनुके असतात, हे हळूहळू कळू लागले आहे. ऊसतोडीच्या टोळीत मुकादम स्वतः कोयता चालवत नाही, पण कोणती कोयती कोणत्या फडात आणि कधी जायची ते तो ठरवतो. पेशीतही अशी मुकादम जनुके असतात. त्यांची प्रथिने भिंतीचे काम करत नाहीत. इतर जनुकांपुढे जाऊन त्यांना उठवतात किंवा निजवतात. एमवायबी कुळातली अशी काही जनुके दाबली तर कापसाची सरकी जवळजवळ उघडी राहते.

यात गुंतागुंत वाढवणारी गोष्ट अशी की अमेरिकन कापसाच्या पेशीत दोन वंशांचे जनुकसंच एकत्र नांदतात. दहा ते वीस लाख वर्षांपूर्वी आशिया-आफ्रिकेकडच्या कापसाशी नाते सांगणारा एक संच आणि अमेरिका खंडातल्या रानटी कापसाचा एक संच यांचे मीलन झाले. त्या रानटी पूर्वजाच्या आजच्या नातलगाला कातण्याजोगा तंतू येतच नाही, आणि तरीही त्याच्याकडून आलेली जनुके आजच्या कापसाच्या तंतूत मोलाची कामे करतात. त्या रानटी नातलगाचा जनुकसंच २०१२ साली, आशियाई देशी कापसाचा २०१४ साली आणि अमेरिकन कापसाचा २०१५ साली वाचून झाला. अॅराबिडॉप्सिससारख्या लहानशा रोपात एक्सटीएचची तेहतीस जनुके आहेत. दुहेरी संचाच्या कापसात ही कुटुंबे आणखी मोठी आहेत. एक जनुक बंद केले की त्याचे भाऊबंद काम अंगावर घेतात, म्हणून एकच जनुक बदलून लांब, बारीक, मजबूत आणि पूर्ण भरलेला तंतू मिळेल, अशी आशा कोणी दाखवत असेल तर ती सावधपणे ऐकावी. भारतात २००२ पासून लावल्या जाणाऱ्या बीटी कापसाविषयीही एक गैरसमज दूर करायला हवा. त्यातले बाहेरून घातलेले जनुक अळीला मारणारे प्रथिन तयार करते. तंतूच्या भिंतीशी त्याचा काही संबंध नाही.

कापसाबाहेर डोकावले तर भिंतीचे दुसरे रूप दिसते. बेंदराला बैलांसाठी नवे कासरे आणि दावी वळायची, त्यासाठी अंबाडीचा वाख लागे. अंबाडीची खोडे ओढ्याच्या डोहात दोन-तीन आठवडे बुडवून कुजवत, तेव्हा पाण्यातले जीवाणू आपल्या पेक्टिन तोडणाऱ्या विकरांनी सालीतला पेक्टिनचा लगदा खाऊन टाकत आणि वाख सुटा होई. वाखाचा एक धागा म्हणजे कापसासारखी एक पेशी नसते. शेकडो बारीक मृत पेशी टोकाला टोक चिकटून तो झालेला असतो. या पेशींच्या भिंतीत सेल्युलोजच्या जोडीला लिग्निन, म्हणजे लाकडाला कठीणपणा देणारे द्रव्य, असते. आपण हिरवळीच्या खतासाठी शेतात गाडतो त्या तागाहून वेगळा, गोणपाटाचा ताग म्हणजे ज्यूट. त्यात लिग्निन बारा ते चौदा टक्क्यांच्या आसपास असते. ते घडवायला विकरांची लांबलचक साखळी लागते आणि शेवटी भिंतीतच लॅकेज आणि पेरॉक्सिडेज ही विकरे त्याचे तुकडे एकमेकांत पक्के बसवतात. लिग्निनमुळे दोर पाण्यात टिकतो, पण त्याचमुळे गोणपाट खरखरीत लागते आणि उन्हात पिवळे पडते. बांगलादेशातील संशोधकांनी ज्यूटच्या दोन्ही जातींचे जनुकसंच २०१७ साली प्रसिद्ध केले. लिग्निनची साखळी थोडी मंद करून मऊ ज्यूट मिळवता येईल का, याचा शोध त्यामुळे सोपा झाला आहे. उसाच्या बगॅसमधल्या, म्हणजे रस काढून उरलेल्या चिपाडातल्या, सेल्युलोजपासून इथेनॉल काढताना मुख्य अडसर येतो तोही याच लिग्निनचा. कापसाच्या तंतूत लिग्निन जवळजवळ नसतेच, आणि अंगाला सुखावणाऱ्या सुती कापडाचे मूळ या अभावात आहे.

ठिपक्यांची शहानिशा आम्ही नंतर माझ्या प्रयोगशाळेत केली. कापडातल्या एका ठिपक्यातले काही तंतू सुईने सोडवले, शेजारच्या निळ्या भागातले काही घेतले आणि दोन्ही काचपट्ट्यांवर अठरा टक्के कॉस्टिक सोड्याचा थेंब सोडला. निळे तंतू पाहता पाहता फुगले, त्यांचे पीळ उकलले आणि ते काडीसारखे गोल, भरीव झाले. मधली पोकळी दिसेनाशी झाली. ठिपक्यातले तंतू फितीसारखे चपटेच राहिले आणि त्यांच्या दोन कडांमध्ये रुंद, रिकामी जागा स्पष्ट दिसत होती. मावसभाऊ बराच वेळ सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढेना. मग त्याने सूत पुरवणाऱ्या गिरणीला फोन लावला आणि सुताचा दर वगैरे काही न विचारता एवढेच विचारले, "साहेब, ह्या लॉटच्या गाठी कुठल्या वेचणीच्या होत्या?" थोड्या वेळाने उलटा फोन आला. मिश्रणात फरदडीचा कापूस होता.